घेवड्याचं बी घरीच धरायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घेवडा, फरसबी, राजमा ही नावं वेगळी पण झाडाची जात एकच, फॅसिओलस व्हल्गॅरिस. काही वाण कोवळ्या शेंगेसाठी लावतात, काही दाण्यासाठी, एवढंच. खालचं बहुतेक सगळं ह्याच झाडाबद्दल आहे, चवळी, वाल, बाकला वगैरे असेल तर थेट प्रश्न १५ वर जा. आणि एक आधीच सांगायचं तर, लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते "क्रॉस होईल का" (म्हणजे दुसऱ्या वाणाचा पराग लागून बी संकरित होईल का) ह्याला, पण घेवड्याचं बी क्रॉस होऊन क्वचितच बिघडतं, बिघडतं ते ओल राहिल्यामुळे. म्हणून प्रश्न ८ बाकी काही नाही वाचलं तरी वाचा.

१. आपण भाजीला तोडतो त्याच शेंगेतला दाणा काढून वाळवला तर चालेल का?

नाही चालत. भाजीची शेंग आपण मुद्दाम कोवळी तोडतो, त्यातला दाणा अजून अर्धवट असतो, वाळवला की सुरकुतून चपटा होतो आणि उगवत नाही. बियाण्याची शेंग झाडावरच जून होऊन वाळायला हवी. भाजीला तोडायच्या वेळेपासून पुढे साधारण चार ते सहा आठवडे लागतात, उन्हाळा कडक असेल तर थोडे कमी, थंड हवेत जास्त. तेवढे दिवस झाड "वाया" गेल्यासारखं वाटतं, पण त्याला इलाज नाही.

२. शेंग बियाण्याला तयार झाली हे ओळखायचं कसं?

आधी हिरवा रंग जाऊन पिवळट होते, शेंग मऊ चामड्यासारखी लागते, मग तपकिरी किंवा गवती रंगाची होऊन कागदासारखी कडक होते. हलवली की आत दाणे खुळखुळतात. खुळखुळ आवाज आला की तोडा, फार दिवस तशीच ठेवू नका कारण काही वाणांच्या शेंगा कडकडीत वाळल्या की आपोआप तडकतात आणि दाणे जमिनीवर. झुडपी वाणाच्या शेंगा बऱ्याचशा एकदमच तयार होतात, वेलाच्या मात्र खालून वर टप्प्याटप्प्याने, म्हणजे खाली वाळलेली शेंग आणि वर फूल असं एकाच वेळी दिसतं, तिथे दर दोन-चार दिवसांनी चक्कर मारून वाळलेल्या तेवढ्या काढायच्या.

३. एकाच वेलावरून भाजी पण घ्यायची आणि बी पण धरायचं, जमेल ना?

जमतं, पण दोन्हीकडे थोडं थोडं नुकसान होतं. झाडाचं गणित असं की बी पिकलं की त्याचं काम संपलं. शेंगा तोडत राहिलात तर ते नवी फुलं काढत राहतं, चार शेंगा पिकू दिल्या की नवी फुलं कमी होतात. म्हणून सरळ दोन-तीन झाडं वेगळी करा, त्यांना रंगीत दोरा बांधा आणि त्या झाडांची एकही शेंग भाजीला तोडू नका. दोरा बांधायचाच, कारण घरातलं कोणीतरी टोपली घेऊन जातं आणि नेमकी तीच झाडं साफ करून येतं, हे झालंय, एकदा नाही दोनदा.

आणि बहुतेकांकडून होणारी चूक म्हणजे हंगामभर सगळं खाऊन शेवटी उरलेल्या वेड्यावाकड्या शेंगा बियाण्याला ठेवायच्या. उलट करा. पहिल्या बहराच्या, निरोगी झाडाच्या, भरलेल्या शेंगा बियाण्याला, नंतरच्या पोटाला.

४. किती झाडांचं बी धरायचं? एकच झाड असेल तर?

एका झाडाचं बी सुद्धा उगवतं आणि पुढच्या वर्षी तसंच झाड येतं, कारण घेवडा स्वतःच स्वतःचं परागीभवन करतो (प्रश्न १४). पण जुना, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला वाण असेल तर त्यात थोडीफार आतली विविधता असते, कुठलं झाड उष्णता सोसतं, कुठलं रोग सोसतं, ती टिकवायची तर १०–२० झाडांचं थोडं थोडं बी एकत्र करावं. घरच्या पेरणीपुरतं म्हणाल तर एका शेंगेत साधारण ४ ते ८ दाणे, चांगल्या झाडाला वीस-पंचवीस शेंगा धरा, म्हणजे तीन-चार झाडांत भरपूर होतं. पेरायला लागेल त्याच्या दुप्पट ठेवा, एखादी पेरणी वाया गेली तर हाताशी असलेलं बरं.

५. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या आणि नेमका पाऊस लागलाय, काय करू?

थांबू नका. वाळत आलेली शेंग सतत भिजली की आत बुरशी येते, दाण्यावर डाग पडतात, कधीकधी तर शेंगेतच मोड येतात. बहुतेक शेंगा पिवळ्या झाल्या असतील तर अख्खं झाड मुळासकट उपटा, माती झटका आणि छपराखाली वारा लागेल अशा जागी उलटं टांगा. झाडात उरलंय ते काही दिवस दाण्याकडे जात राहतं आणि शेंगा सावकाश वाळतात. जागा नसेल तर नुसत्या पिवळ्या शेंगा तोडून जाळीवर किंवा कागदावर एका थरात पसरा, ढीग नको. दव-तुषार गोठायची थंडी पडणार असेल तरी हेच, कारण ओला दाणा गोठला की मेला, वाळलेल्याला काही होत नाही.

६. चुकून हिरव्या शेंगा तोडल्या गेल्या, त्यातलं बी घरात पिकेल का?

शेंग किती हिरवी त्यावर आहे. दाबल्यावर कचकन मोडते अशी असेल तर नाही, तिची भाजी करा. पण फुगीर झालेली, दाणे बाहेरून स्पष्ट दिसणारी, हिरवा रंग फिका होऊन लिबलिबीत लागणारी असेल तर आतल्या दाण्याची वाढ जवळपास पूर्ण झालेली असते, उरतं ते फक्त वाळणं. अशा शेंगा न सोलता सावलीत वाळू द्या, दाणा शेंगेत असतानाच नीट वाळतो. त्या बियांचं डबं वेगळं ठेवा आणि पेरायच्या आधी टेस्ट करा (प्रश्न १३).

७. शेंगा फोडायच्या कशा, एकेक सोलत बसायचं का?

मूठभर असतील तर एकेकच सोला, टीव्हीसमोर बसून होतं. जास्त असतील तर गोणपाटात किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून हाताने चुरडा, मग सुपात पाखडून फोलपट उडवून टाका. काठीने झोडपणं टाळा. वाळलेला दाणा काचेसारखा ठिसूळ असतो, बाहेरून धड दिसतो पण आतला कोंब मोडलेला असतो, आणि त्याचा परिणाम थेट पुढच्या वर्षी दिसतो (प्रश्न २२). सोलतानाच निवडून घ्या, फुटकं, सुरकुतलेलं, डागाळलेलं, भोक पडलेलं बाजूला.

८. बी पूर्ण वाळलं हे नक्की कळणार कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बरोबरच आहे, कारण इथेच सगळे फसतात. शेंग कडक वाळली म्हणजे दाणा वाळला असं नाही. शेंगेचं टरफल पातळ, ते दोन दिवसांत वाळतं, दाणा जाड, त्याच्या पोटातली ओल बाहेर यायला वेळ लागतो. सोलल्यावर अजून दोन-तीन आठवडे तरी पसरून ठेवायचं, रोज एकदा हात फिरवून खालचं वर करायचं.

तपासायच्या तीन पद्धती आहेत. पहिली नखाची: दाण्यावर नख दाबा, खूण उमटली तर ओलं आहे. दुसरी हातोडीची: एक दाणा फरशीवर ठेवून हातोडी मारा, ठिकऱ्या उडाल्या तर वाळलंय, चपटा झाला किंवा चिवटपणे दबला तर नाही. एक दाणा जातो पण मनाची खात्री होते. तिसरी बरणीची: थोडं बी काचेच्या कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून एक दिवस ठेवा, आतून काचेला दमटपणा दिसला तर सगळं परत बाहेर पसरा. मी सुरुवातीला फक्त नखावर विसंबून एक पूर्ण बरणी भरून ठेवली होती, तीन महिन्यांनी उघडली तर आत राखाडी बुरशीचा गोळा आणि वास असा की बरणीसकट फेकावी लागली. तेव्हापासून हातोडी.

आकड्यात सांगायचं तर घरी साठवायला दाण्यात १२ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी ओल हवी, फ्रीजरमध्ये कायमचं ठेवायचं तर ८ टक्क्यांच्या आसपास. हवाच दमट असेल तर नुसतं पसरून बी तेवढं वाळतच नाही, कारण दाणा हवेतली ओल परत ओढून घेतो. तिथे हवाबंद डब्यात बियांच्या वजनाइतकं सिलिका जेल कापडाच्या पुरचुंडीत घालून आठवडाभर ठेवा. ते नसेल तर तांदूळ कढईत किंवा ओव्हनमध्ये कडकडीत गरम करून, पूर्ण गार करून (गरम नको!) तसाच वापरता येतो, जोर थोडा कमी पडतो इतकंच.

९. लवकर वाळावं म्हणून कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवलं तर?

ओव्हन, मायक्रोवेव्ह अजिबात नाही, ते बी नाही भाजलेला दाणा होतो. उन्हाचं म्हणाल तर कोवळं ऊन चालतं, पण दुपारच्या उन्हात पत्र्यावर किंवा काळ्या प्लास्टिकवर टाकलं की दाण्याचं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जातं. ओलसर बियांना ३५ अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये, उगवण घटते. शिवाय वरचं साल झटकन वाळून आकसतं, आत ओल असते, मग साल तडकतं. सावली आणि वारा, पंखा लावला तरी उत्तम.

१०. बरणीत ठेवू की कापडी पिशवीत? आणि फ्रीजमध्ये ठेवायचं का?

पूर्ण वाळलं असेल तर हवाबंद बरणी, जरासुद्धा शंका असेल तर कागदी किंवा कापडी पिशवी. बरणी आतली ओल आतच ठेवते, हा तिचा गुण पण आहे आणि दोष पण.

जागा थंड, कोरडी, अंधारी. बियाणं शास्त्रात हॅरिंग्टनचा म्हणून एक ढोबळ नियम आहे: बियांतली ओल एक टक्क्याने कमी केली की आयुष्य दुप्पट, आणि तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केलं की परत दुप्पट. म्हणजे ३० अंशाच्या माळ्यावरून २० अंशाच्या कपाटात आणलं तर चौपट, आणि ओल पण दोन टक्क्यांनी उतरवली असेल तर सोळापट. म्हणून सगळ्यात वाईट जागा कुठली तर शेगडीच्या वरची फळी, जिथे बहुतेक जण ठेवतात, उष्णता पण आणि वाफ पण.

फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही पण फक्त हवाबंद डब्यात, कारण फ्रीजच्या आत दमटपणा असतो. आणि बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही, पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर गार बियांवर हवेतलं पाणी जमतं आणि एवढं वाळवलेलं सगळं पाण्यात.

११. दरवर्षी बियांना भुंगा लागतो. झाकण घट्ट असून आत येतो कुठून?

येत नाही, तुम्हीच आत ठेवता. राजम्याचा भुंगा शेतात किंवा बागेतच वाळत आलेल्या शेंगेच्या फटीत अंडी घालतो, अळी दाण्यात शिरते, आत राहून खाते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग एक दिवस गोल झाकणासारखं साल ढकलून भुंगा बाहेर येतो आणि आपल्याला वाटतं कालपर्यंत बी चांगलं होतं. उबदार हवेत महिन्या-दीड महिन्यात एक पिढी होते, बरणीत पुन्हा अंडी, पुन्हा अळ्या, आणि चार-पाच महिन्यांत पीठ उरतं. चवळी-मुगाचा भुंगा वेगळा, तो दाण्यावरच पांढरे ठिपके चिकटवतो, ती अंडी.

घरच्या घरी सगळ्यात खात्रीचा उपाय फ्रीजर. बी आधी नीट वाळलेलं हवं (प्रश्न ८ ची हातोडीवाली टेस्ट पास), हवाबंद डब्यात घालून उणे १८ अंशाला आठवडाभर ठेवा, अंडी अळ्या भुंगे सगळे मरतात. ओलं बी ठेवलंत तर आतलं पाणी गोठून बी पण मरतं. काढताना प्रश्न १० मधली सूचना पाळा, मग नेहमीच्या जागी ठेवा.

फ्रीजर नसेल किंवा बी किलोंमध्ये असेल तर एक किलोला ५ मिली खाद्यतेल, एक छोटा चमचा, सगळ्या दाण्यांना पातळ लागेल असं चोळा, त्याने अंडी जगत नाहीत. जास्त तेल ओतून फायदा नाही, बी खवट होतं. तिसरा उपाय ऐकायला गंमतीचा पण खरा आहे: डबा अर्धा भरा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आडवा करून लोळवा. नुकती निघालेली अळी दाण्याला भोक पाडायला शेजारच्या दाण्याचा टेकू घेते आणि तिला बराच वेळ लागतो, रोज दाणे हलले की तिचं भोक अर्धवट राहतं आणि ती मरते. विसरभोळ्यांनी ह्या वाटेला जाऊ नये.

भोक पडलेलं बी उगवतं का हा पुढचा प्रश्न. कधीकधी उगवतं, कोंब वाचलेला असला तर, पण रोप अशक्त येतं. टाका.

१२. बी किती वर्षं चालतं?

साध्या ठेवणीत, वाळलेलं असेल तर ३–४ वर्षं आरामात. दमट-गरम जागी दुसऱ्याच वर्षी धाप लागते. फ्रीजरमध्ये नीट वाळवून ठेवलेलं दशकं टिकतं, नॉर्वेतल्या स्वालबार्डला २००८ साली सुरू झालेली जी जागतिक बियाणं तिजोरी आहे तिथलं तापमान पण उणे १८ अंशच आहे, म्हणजे तुमच्या घरच्या फ्रीजरइतकंच. फरक एवढाच की तिथे कोणी बर्फ काढायला दार उघडत नाही.

१३. जुनं बी आहे, पेरायच्या आधी उगवेल का ते कसं बघू?

१० बिया घ्या, २० असतील तर जास्त बरं. ओलसर (निथळून घेतलेल्या) टिश्यूच्या घडीत एकमेकींना न चिकटता ठेवा, गुंडाळी झिप पिशवीत घालून २५ अंशाच्या आसपास उबेला ठेवा, पिशवी थोडी उघडी. चार दिवसांपासून बघायला लागा, आठव्या दिवशी शेवटची मोजणी. १० पैकी ८ किंवा जास्त, नेहमीसारखं पेरा. ५ ते ७, दाट पेरा. त्याच्या खाली असेल आणि वाण दुसरीकडे मिळण्यासारखा नसेल तर आहे ते सगळं ह्याच वर्षी पेरून नवीन बी धरा, अजून एक वर्ष थांबलात तर तेही जाईल. मोड आलेल्या बिया फेकू नका, कुंडीत लावा.

१४. दोन वेगवेगळे घेवडे शेजारी लावलेत, बी मिसळेल का?

बहुधा नाही. घेवड्याच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग एका गुंडाळलेल्या पाकळीत बंद असतात आणि परागीभवन फूल उमलायच्या आधीच किंवा उमलता उमलता उरकतं. मधमाशी येईपर्यंत लग्न लागून वऱ्हाड जेवायला बसलेलं असतं. तरी फुलांवर येणारे मोठे भुंगे (प्रश्न ११ मधली कीड नाही, हे मधमाशीचे भाऊबंद) पाकळी उघडून आत घुसतात, तेव्हा थोडंफार क्रॉस होतं, म्हणून दोन वाणांत ३ ते ६ मीटर अंतर ठेवा किंवा मध्ये दुसऱ्या भाजीची ओळ घाला. दोन वेल एकाच मांडवावर चढवू नका, क्रॉसपेक्षा मोठा त्रास म्हणजे शेंगा काढताना तुमच्याच हाताने सरमिसळ होते.

१५. चवळी, वाल, बाकला, लाल फुलांचा घेवडा, ह्यांनाही हेच नियम का?

वाळवणं आणि साठवणं सगळ्यांना सारखं. क्रॉस होण्याचं मात्र वेगळं आहे.

चवळी बहुतांश स्वतःच्याच परागावर. लांब हातभर शेंगांची चवळी आणि साधी चवळी एकाच जातीच्या, त्यामुळे त्या आपसात मिसळू शकतात, अंतर ठेवा. घेवड्याशी चवळी मिसळत नाही, कुळ एकच पण जात वेगळी. वालाचं साधारण चवळीसारखंच, अधूनमधून क्रॉस होतो.

बाकल्याला मधमाश्या भरपूर येतात आणि तो सहज मिसळतो, त्यामुळे आसपास एकच वाण लावा. लाल फुलांचा मोठ्या दाण्याचा घेवडा तर कीटक आल्याशिवाय नीट शेंगच धरत नाही, फुलावर कोणीतरी बसून आतला भाग दाबला जावा लागतो. तिथे दुसरा वाण अर्ध्या किलोमीटरच्या आत असला तरी धोका आहे, आणि जाळी घातली तर कीटकच येत नाहीत, म्हणजे बोटाने फुलं दाबत बसावं लागतं. सोपा मार्ग, वर्षाला एकच वाण.

१६. पांढरा आणि काळा घेवडा शेजारी होता. शेंगेत सगळे पांढरेच दाणे निघाले, म्हणजे क्रॉस झालं नाही ना?

असं म्हणता येत नाही, आणि ह्या प्रश्नाला मी थोडा वेळ घेणार आहे कारण इथे भले भले गोंधळतात. दाण्याचं साल हे आईचं असतं, पोराचं नाही. पांढऱ्या घेवड्याच्या फुलावर काळ्याचा पराग पडला तरी त्या शेंगेतल्या दाण्याचं साल पांढरंच दिसणार, कारण ते आईच्या झाडाने बनवलंय. आतला गर्भ संकरित आहे हे यंदा कळायचा मार्गच नाही. तो दाणा पुढच्या वर्षी पेरलात की त्या एका झाडाला सगळे दाणे वेगळ्याच रंगाचे येतील, काळे, करडे, ठिपक्यांचे, काहीही. ते परत पेरले की तिसऱ्या वर्षी झाडागणिक वेगळे रंग फुटतात.

म्हणून "पाकिटात एक दाणा वेगळा आला" ह्याचा अर्थ बहुतेक वेळा सरमिसळ, आणि "एका झाडाचे सगळेच दाणे वेगळे आले" ह्याचा अर्थ गेल्या वर्षीचा क्रॉस. ते झाड वेगळं सोला, मूळ वाणात मिसळू नका. हवं तर वेगळं लावून मजा बघा. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने सुद्धा वाटाण्यानंतर घेवड्यावर प्रयोग केले होते, १८६६ च्या त्याच्या निबंधात आहेत, आणि पांढऱ्या फुलांच्या घेवड्याचा लाल फुलांच्या घेवड्याशी केलेल्या संकरातले रंग त्याच्या साध्या हिशोबात काही बसले नव्हते, तेव्हा तुम्हाला कळले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका.

१७. पाकिटातून आणलेलं बी आहे, हायब्रिड असलं तर बी धरून उपयोग आहे का?

घेवड्यात हायब्रिड पाकीट जवळजवळ मिळतच नाही. एकेक फूल हाताने उघडून संकर करायचा आणि मिळणार चार-सहा दाणे, हे कोणत्याच बियाणेवाल्याला परवडत नाही. म्हणजे टोमॅटो-मिरचीत हायब्रिडच्या बियांतून तसंच झाड येणार नाही अशी जी भीती आहे ती इथे लागू नाही, "सुधारित" लिहिलेल्या वाणाचं बी पण बिनधास्त धरा.

१८. दरवर्षी सगळ्यात मोठे दाणे निवडून पेरले तर दाणा मोठा होत जाईल का?

वाटतं खरं, पण नाही. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सनने नेमका हाच प्रयोग घेवड्यावर केला आणि १९०३ साली छापला. एकाच झाडापासून आलेल्या शुद्ध वंशात मोठे दाणे निवडा की बारके, पुढच्या पिढीची सरासरी तीच येते, कारण त्या झाडांतला फरक खता-पाण्याचा आणि जागेचा असतो, रक्तातला नाही. (ह्याच माणसाने १९०९ मध्ये "जीन" हा शब्द दिला.) मिश्र वाण असेल तर निवडीचा उपयोग होतो, पण निवड दाण्याची नाही, झाडाची करायची: लवकर आलं, निरोगी राहिलं, भरपूर धरलं, त्या झाडाचं बी. भरलेला दाणा निवडायचाच, पण तो रोपाला पहिले पंधरा दिवस ताकद मिळावी म्हणून.

१९. झाडांवर रोग होता, त्याचं बी घेऊ का?

घेऊ नका. घेवड्याचे वाईट रोग बियांतूनच पुढे जातात: अँथ्रॅकनोज (शेंगेवर खोलगट काळपट डाग), जिवाणूजन्य करपा (पानावर पाणी लागल्यासारखे डाग, काही प्रकारांत भोवती पिवळं कडं), आणि मोझॅक व्हायरस (पानं हिरवी-पिवळी चट्टेदार, आक्रसलेली). व्हायरस असलेल्या झाडाचा दाणा दिसायला एकदम झकास असू शकतो, तेव्हा निवड दाणा बघून नाही, झाड हिरवं असतानाच करायची. डागाळलेली शेंग एखादीच असेल आणि बाकी झाड ठणठणीत, तर ती शेंग सोडून बाकीचं घेता येईल, पण माझ्याकडे दुसरी झाडं असतील तर मी नाही घेत.

२०. किराणातला राजमा पेरला तर येतो का?

उगवतो बऱ्याचदा, जुना नसेल तर. पण तो बुटका की वेल, किती दिवसांचा, काहीच माहीत नसतं, रोगाची हमी नसते, आणि काही वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाहीत, नुसता वेल वाढत राहतो. हौस म्हणून दहा दाणे लावा, सगळा वाफा त्यावर लावू नका. उलट दिशेने मात्र काळजी घ्या: पाकिटातलं बी गुलाबी-निळ्या रंगाचं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते उरलं म्हणून भाजीत जाता कामा नये.

२१. ठेवलेलं बी वर्षभरात काळपट-तपकिरी झालं, खराब झालं का?

फिक्या रंगाच्या आणि ठिपक्यांच्या वाणांत साल जुनं होताना काळवंडतं, उजेड आणि उष्णता असेल तर पटकन. नुसत्या रंगावरून टाकू नका, पण हा दाणा वयस्कर होतोय हे नक्की, प्रश्न १३ ची टेस्ट करा.

२२. बी उगवलं पण रोपाला शेंडाच नाही, दोन जाड डाळिंब्या आणि मध्ये ठोंब. असं का?

सोलताना किंवा उंचावरून पडून दाण्याच्या आतला कोंब दुखावला. बाहेरून कळत नाही. अशी रोपं सहसा सावरत नाहीत. दुसरं कारण म्हणजे फार कोरडं झालेलं बी एकदम पाण्यात भिजत घालणं, दाणा भसकन पाणी ओढतो आणि आतल्या डाळी तडकतात. खूप वाळवलेलं किंवा फ्रीजरमधलं बी पेरायच्या आधी एक-दोन दिवस उघड्या हवेत किंवा ओलसर कापडाजवळ ठेवा, मग सरळ ओल्या मातीत पेरा. रात्रभर भिजवायची गरज घेवड्याला नाही.

२३. बुटक्या वाणात एक झाड वेलासारखं वर चढलं, त्याचं बी ठेवू?

मूळ वाण जपायचा असेल तर नको, दिसल्या दिसल्या, फुलायच्या आत उपटा. वेलपणा बुटकेपणावर मात करतो, म्हणून बुटक्यांत अचानक वेल निघाला की सरमिसळ नाहीतर क्रॉस. रंगाचं प्रकरण प्रश्न १६ मध्ये आहे.

२४. घरी बी धरलं तर पेटंट वगैरेची अडचण येते का?

स्वतःच्या बागेपुरतं जुन्या वाणाचं धरायला अडचण नसते, नोंदणीकृत नव्या वाणाचं बी विकायचं असेल तर त्या त्या देशाचा कायदा बघा. राजम्यावरून खरंच भांडण झालंय: १९९९ मध्ये अमेरिकेत एका पिवळ्या राजम्यावर पेटंट दिलं गेलं, तो राजमा मेक्सिकोतून आणलेल्या दाण्यांतून निवडलेला होता, बरीच वर्षं वाद चालला आणि २००८ मध्ये पेटंट ऑफिसने ते नाकारलं, २००९ मध्ये कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

२५. पाकिटावर काय लिहून ठेवायचं?

वाणाचं नाव, बुटका का वेल, कोणाकडून आलं, आणि तोडल्याचं महिना-वर्ष. चिठ्ठी बरणीच्या आत पेन्सिलीने लिहून टाका, बाहेरचं लेबल गळतं आणि शाई उडते. शेजारी काय लावलं होतं तेही लिहा, तीन वर्षांनी रंगीबेरंगी दाणे निघाले की ही एक ओळ शोधाल. कोणाला बी देणार असाल तर सगळं कधीच देऊ नका. आणि माझ्याकडे एक बरणी आहे तिच्यावर नुसतं "तोच घेवडा" असं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. कुठला ते अजून कळलेलं नाही.